बेरीज शून्य येत नव्हती

मंदा, आज दिवसभरात मी एकच शब्द बोललो. सकाळी दूधवाल्याला म्हणालो, "अर्धाच." त्यानं भांड्यात अर्धा लिटर ओतलं, क्षणभर दारात घुटमळला, काहीतरी बोलावंसं वाटलं असेल त्याला, आणि गेला. आता उन्हं उतरली. अजून दुसरा शब्द तोंडातून निघाला नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. तेरवीची माणसं पांगली. रेवाही हैदराबादला परत गेली, तिची रजा संपली होती. जाताना तिनं फ्रीजवर माझ्या गोळ्यांचा कागद लावला, जाड पेननं, मोठ्या अक्षरांत. अगदी तुझ्यासारखा.

भेटायला आलेली माणसं तुझ्या हातच्या चवीबद्दल बोलली. तुझ्या हसण्याबद्दल बोलली. ग्राफबद्दल कोणी बोललं नाही, कारण ते कोणाला माहीतच नव्हतं. पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी तीस वर्षं सांख्यिकी शिकवली, आणि गेली बारा वर्षं माझे सगळे ठिपके मोहगावची दहावी शिकलेली एक बाई टाकत होती, हे मी जगाला कधी कळू दिलं नाही.

सुरुवात आठवते तुला? काचबिंदूनं माझी नजर कडेकडेनं खायला घेतली होती. आकडे मोठे लिहिले तर दिसायचे, पण ग्राफ पेपरचे बारीक चौकोन एकमेकांत मिसळायचे. एका दुपारी मी जेवणाच्या टेबलावर पेन्सिल आपटली. तू भांडी तशीच ठेवून आलीस, पदराला हात पुसले.

"आणा इकडं. कुठं टाकाचं ते सांगा फक्त."

"तुले नाही समजणार."

"न समजाले काय झालं? सांगून तं पाहा."

मग मी सांगितलं. सौंसरकडच्या बागांमधून मुलांनी संत्र्याची झाडं मोजून आणली होती. बुंध्याचा घेर किती आणि फळं किती. त्यातून मी एक रेघ काढली होती. घेर सांगा, रेघ फळांचा अंदाज सांगते. खऱ्या फळांतून तो अंदाज वजा केला की जे राहतं ते कागदावर टाकायचं. अंदाजापेक्षा जास्त असेल तर वर, कमी असेल तर खाली.

"मतलब उरलंसुरलं," तू म्हणालीस.

वर्गात मी त्याला अवशिष्ट म्हणायचो. मुलं ते घोकायची आणि विसरायची. आपल्या घरात त्या दिवसापासून ते उरलंसुरलं झालं.

"आन रेघ तं काढून झाली नं? मंग हे काहून पायता?"

"रेघ कशातूनबी काढता येते, मंदा. ते खरी हाये का खोटी, हे उरलंसुरलं सांगते. ठिपके कसेबी पसरले, काही आकार नाही दिसला, तं रेघ बरोबर. आकार दिसला की समजाचं, आपल्याकडून काहीतरी राह्यलं."

तू साठेक ठिपके टाकलेस आणि कागद लांब धरून म्हणालीस, "अजी, हे तं सूप झालं."

मी चिडलो. निबंध लिहून झाला होता, नागपूरच्या एका चर्चासत्राला पाठवायचा होता. रेघ किती चांगली बसली हे सांगणारा आकडा इतका सुरेख आला होता की मी ठिपके नुसते उपचार म्हणून टाकायला घेतले होते. पण तू म्हणालीस ते खरं होतं. लहान झाडांचे ठिपके मधल्या रेषेला चिकटलेले, आणि झाडं मोठी होत गेली तसे ते वर-खाली पसरत गेलेले. मोठ्या झाडांबद्दल माझ्या रेघेला फारसं काही कळत नव्हतं, आणि बागेत फळं असतात ती मोठ्याच झाडांवर. मी दोन दिवस तुझ्याशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा मांडलं, फळांच्या आकड्यांचे लॉग घेऊन. तू पुन्हा ठिपके टाकलेस. या वेळी ते कसेही पसरले.

मला न दिसलेलं हे तुला कसं दिसलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. लग्नाआधी मोहगावला मामाच्या घरी संत्र्यांच्या ढिगापुढं बसून तू हातानं लहान-मोठी वेगळी करायचीस. हजारांत एक वेगळं फळ असलं तर तुझा हात तिथं थांबायचा. मला वाटतं डोळा तिथंच तयार झाला. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. चर्चासत्रात एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं होतं, "हे पसरणं तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हणालो, "ठिपके पाहताना दिसलं." कोणाला दिसलं ते नाही सांगितलं. घरी आलो तर तू पोळी वाढता वाढता विचारलंस, "कोणं इचारलं का सुपाबद्दल?" मी नाही म्हणालो. तू आणखी एक पोळी वाढलीस.

तू कधी विषय काढला नाहीस. मीही नाही.

मग मागच्या उन्हाळ्यात तुझे पाय सुजायला लागले. किडनी. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय आधीच कमजोर आहे, डायलिसिसचं मशीन झेपणार नाही. औषधं, कमी मीठ, मोजून पाणी. दर पंधरा दिवसांनी इथंच पांढुर्ण्यात रक्त द्यायचं आणि क्रिएटिनिन पाहायचं. एक आकडा सांगितला त्यांनी, त्याच्यापुढं गेलं तर सांभाळणं कठीण. बाहेर आलो तर तू बाकावर बसून समोरच्या बाईशी तिच्या सुनेबद्दल बोलत होतीस. मला म्हणालीस, "तुमचं तोंड काहून उतरलं? मले तं काही दुखून नाही राह्यलं."

मला जे येतं ते मी केलं. रजिस्टर काढलं. आषाढापासूनचा प्रत्येक रिपोर्ट लिहिला आणि त्यातून रेघ काढली. रेघ हळूहळू चढत होती. तिच्या हिशेबानं डॉक्टरांचा आकडा गुढीपाडव्याच्या पुढं होता. मला केवढा आधार वाटला! रेवा फोनवर सारखी विचारायची, "बाबा, येऊ का?" मी म्हणायचो, "होळीला ये, सुट्टी पण मिळेल. घाई काही नाही." तू पलंगावरून ऐकायचीस.

आता त्या दुपारचं सांगतो. तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

अकरावा रिपोर्ट आला होता. तू झोपली होतीस. मी कॅल्क्युलेटर घेऊन रेघ पुन्हा काढली, खऱ्यातून अंदाज वजा केले आणि फरकांचा रकाना लिहिला. मंदा, चिन्हं वाचायला ग्राफ लागत नाही. पहिले दोन अधिक. मग ओळीनं सात उणे. शेवटचे दोन अधिक. जन्मभर पोरांना शिकवलेलं समोर लिहिलेलं होतं. रेघ सरळ, पण दुखणं सरळ नव्हतं. ते आधी सावकाश चाललं होतं आणि आता धावत सुटलं होतं. पाडवा सोड, होळीचाही भरवसा नव्हता.

नेहमीसारखा तुझ्यासाठी तो रकाना मी मोठ्या अक्षरांत उतरवला. आणि उतरवताना मधल्या दोन उण्यांवर उभी रेघ मारून त्यांचे अधिक केले.

दोन छोट्या उभ्या रेघा. बस. प्रॅक्टिकलमध्ये आकडे बदलले म्हणून एका पोरीला मी वर्गासमोर रडवलं होतं. तिला म्हणालो होतो, गणित चुकलं तर मी माफ करीन, हे नाही करणार. तोच मी. मला एवढंच हवं होतं की तुला आकार दिसू नये. तू उशाला टेकून कागद पाहावा आणि म्हणावं, "सगळे कसेबी पसरले, बरं हाय." बस, एवढंच.

तू उठलीस. चहा घेतलास, मोजून अर्धा कप. "आला का रिपोर्ट? आणा."

मांडीवर पाट घेतलास, त्यावर ग्राफ पेपर. पण ठिपके टाकायच्या आधी तू बेरीज केलीस. अशा रेघेचं सगळं उरलंसुरलं मिळवलं की शून्य यायलाच पाहिजे, हे मीच तुला शिकवलं होतं, हिशेबातली चूक पकडायला. तू ते दर वेळी करायचीस, बोटांच्या पेरांवर, ओठ हलवत. मी ते विसरलो कसा? बारा वर्षं डोळ्यांसमोर चाललेली गोष्ट.

"बेरीज शून्य येऊन नाही राह्यली."

"दशांशात होते इकडंतिकडं."

"इकडंतिकडं नाही. पॉइंट सहा जास्त येऊन राह्यले. दोनदा केली."

"मंग गलती झाली असंन माह्यी."

तू चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलंस. "बेरजेत तुमची गलती होत नाही अजी."

मग तू बराच वेळ रकाना पाहत राहिलीस. पॉइंट सहा जास्त म्हणजे खालचे पॉइंट तीन उचलून वर ठेवलेले, त्याशिवाय दुप्पट फरक पडत नाही. हे तुला मी कधी शिकवलं नव्हतं. तुझं बोट खाली आलं आणि नेमकं त्या दोन आकड्यांवर थांबलं, एकावर, मग दुसऱ्यावर. मग तू पेन्सिल घेतलीस. ठिपके टाकायला लागलीस, आणि ते दोन जिथं असायला पाहिजे होते तिथं, खाली टाकलेस.

टाकून झाल्यावर कागद लांब धरलास. "हे तं झोळी झाली."

"अकराच ठिपके हायेत, मंदा. एवढ्यावरून काही म्हणता येत नाही."

"तुम्हीच म्हणता नं, आकार दिसला की रेघ खोटी."

"कमी ठिपक्यात उगीचबी दिसते आकार."

"मंग ते दोन काहून बदलवले?"

मी तुझा चहाचा रिकामा कप उचलला. बाहेर तिगावकडं जाणारी आगगाडी गेली. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू कागद घडी न करता रजिस्टरात ठेवलास आणि म्हणालीस, "रेवाले फोन लावा."

"ते होळीले येऊनच राह्यली नं..."

"लावा म्हणलं नं. नाही तं मी लावते."

मी नाही लावला. तूच लावलास. माझ्याकडं पाहत, अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "रेवा, बाबायनं ग्राफ काढला. ते म्हणून राह्यले, आता आली तं बरं. ये माय."

मी भांडलो तुझ्याशी. हे तुलाही आठवत असेल. म्हणालो, पोरीला उगीच घाबरवलं, तिची रजा वाया जाईल, ठिपके पाहून कोणी मरत नाही. तू म्हणालीस, "पाहू." रेवा आली तरी मी सोडलं नाही. ती अंघोळीला गेली की मी हळूच म्हणायचो, पुढचा रिपोर्ट येऊ दे, मग बोल. तू पुन्हा, "पाहू." बारावा रिपोर्ट आला तेव्हा तू मागितला नाहीस आणि मी दाखवला नाही. वाद तिथंच राहिला. तुझं बरोबर होतं, हे मी तुला म्हणालो नाही. म्हणायला अठरा दिवस होते.

त्या अठरा दिवसांतला एक दिवस मला सगळ्यात जास्त टोचतो. रेवानं गाडी केली आणि तुला जामसांवलीला घेऊन गेली. मला दोघींनी चला म्हटलं. मी म्हणालो, घरी कोणीतरी पाहिजे. घरी कशाला कोण पाहिजे होतं? मी रुसलो होतो. साठी उलटलेला माणूस, बायको मरणार हे तिनं आपल्याआधी मान्य केलं म्हणून रुसून बसला होता.

संध्याकाळी रेवानं सांगितलं, तेवढंच माझ्याकडं आहे. तिथल्या आडव्या, निजलेल्या मारुतीसमोर तू खुर्चीवर बसून होतीस. रेवा म्हणाली, आई, काही माग. तू म्हणालीस, "देव बी निजून हाये, काहून उठवतं त्याले." मग मोहगावला गेलात. मामाच्या बागेत संत्र्यांची, आंबिया बहाराची तोड चालली होती. तू ढिगाजवळ खुर्ची टाकायला लावलीस, ओट्यात संत्री घेतलीस आणि लहान-मोठी वेगळी करत बसलीस. काम करणाऱ्या बायका म्हणाल्या, "बाई, तुमचा हात अजून चालते." ऊन छान होतं म्हणे. तू दोन फोडी खाल्ल्यास, ज्या तुला मना होत्या, आणि रेवाला सांगितलंस, "बाबाले सांगजो नको." तिनं सांगितलंच. घरी आलीस तेव्हा तुझ्या बोटांना सालीचा वास येत होता आणि मी विचारलं, "दमली नाही नं?" तू म्हणालीस, "तुम्ही याले पाह्यजे होतं."

तुझा शेवटचा चांगला दिवस मी फक्त ऐकला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. मी तुझ्यासाठी पाणी गरम करत होतो. रेवानं हाक मारली, त्या हाकेतच कळलं. मी आलो तेव्हा तुझा हात तिच्या हातात होता. माझ्या रेघेप्रमाणे ती तेव्हा हैदराबादला ऑफिसात असती. मी फोन केला असता आणि तिला तुझं थंड पडलेलं शरीर पाहायला मिळालं असतं. तिचा हात तुझ्या हातात होता तो तुझ्यामुळे. मी अडवूनही तू ते घडवलंस, यासाठी मी तुझा ऋणी आहे, आणि हे ऐकायला आता तू नाहीस.

तेरवीला रेवा सगळ्यांना सांगत होती, "बाबांनी ग्राफ पाहून ओळखलं, म्हणून मला आईजवळ अठरा दिवस मिळाले." माझे जुने सहकारी मान डोलावत होते. तुझा भाऊ म्हणाला, "जावई पहिल्यापासूनच हुशार." मी ताटाकडं पाहत होतो. त्या वेळी बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. रेवा गाडीत बसेपर्यंत नाही बोललो.

काल तिचा फोन आला. गोळ्या घेतल्या का, जेवले का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या दिवशी मला बोलवा म्हटलं नसतं तर..."

"रेवा, थांब. मी म्हटलं नव्हतं."

आणि मग सगळं सांगितलं. झोळी कोणाला दिसली ते. फोन कोणी लावायला नको म्हटलं ते. दोन उभ्या रेघा.  

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आईनं लावला नसता, तर तुम्ही मला होळीलाच ये म्हटलं असतं?"

मला वाटतं ती 'नाही' हा शब्द ऐकायला थांबली होती. "हो," मी म्हणालो.

"मी नंतर बोलते, बाबा."

रोज सकाळी आठला तिचा फोन येतो. आज नाही आला. मी दहापर्यंत फोन हातात धरून बसलो, मग टेबलावर ठेवला, मग चार्जिंगला लावला, आणि तिथंच खुर्ची घेतली. मंदा, तिला फोनवर सांगताना तू माझं नाव का घेतलंस? मला वाचवायला, की तिच्यासाठी एक बाप शाबूत ठेवायला? मी काल तो मोडला. खरं बोललो तर छाती हलकी होईल असं वाटलं होतं. झाली नाही. घर मात्र आणखी रिकामं झालं.

आताच, हे लिहीत असताना, फोन वाजला. कॉल नव्हता. रेवाचा मेसेज होता. अक्षरं मोठी करून वाचला. "तो कागद आहे का? फोटो पाठवा."

रजिस्टर काढलं. खिडकीजवळ नेऊन कागद पाटावर ठेवला. पहिला फोटो हलला, दुसऱ्यात माझी सावली आली. तिसरा बरा वाटला, मला नीट कळत नाही. पाठवला. खाली फक्त एवढंच लिहिलं: "सगळे ठिपके आईचे."

दोन निळ्या खुणा झाल्या. त्याला आता पाऊण तास झाला. उत्तर नाही. मी दिवा लावला नाही अजून, फोनचाच उजेड आहे. ती पाहत असेल.